विश्रामबागेचा धनी कोण?

धुळ्याहून आग्र्याच्या रस्त्यानें उत्तरेस निघालें म्हणजे सुमारें २० किलोमीटरांवर सोनगीर लागतें. गांवालगत टेकडी, टेकडीवर पडका किल्ला आणि पायथ्याशीं बाजारपेठ, असें या गांवाचें रूप आहे. परंतु सोनगीरची ख्याति किल्ल्यापेक्षां तांब्यापितळेच्या भांड्यांमुळें अधिक आहे. खानदेशांतील कित्येक घरांच्या माजघरांत जी घागर, जें तपेलें, जो हंडा पिढ्यान् पिढ्या चालत आला, त्यावर सोनगीरच्या कारागिराच्या हातोडीचे ठोके उमटलेले असतात.

तांब्याच्या भांड्याचा एक गुण असा कीं, तें जुनें झालें म्हणून कोणी उकिरड्यावर टाकीत नाहीं. पोंचा आला तर ठोकून काढतात, बूड झिजलें तर नवें बसवितात, कल्हई उडाली तर पुन्हां कल्हई लावतात. आजीच्या लग्नांत आलेल्या हंड्याचें बूड दोनदां बदललें असलें, तरी घरांत तो आजीचा हंडा म्हणूनच ओळखला जातो. "यांतलें मूळचें तांबें किती आणि नवें किती" असा हिशेब कोणी मांडीत बसत नाहीं. भांडें वापरांत आहे, त्याची निगा होत आहे, एवढ्यानें तें तेंच राहतें.

घराच्या बाबतींत मात्र माणसाची बुद्धि निराळी चालते. हंड्याला पोंचा पडला तर तांबटाची आठवण होते. वाड्याची भिंत फुगली तर पाडणाऱ्याची आठवण होते. सोनगीर असो, धुळें असो कीं पुणें असो, जुन्या पेठांतून फिरतांना दाराला कुलूप घातलेला, माळवद खचलेला, चौकांत पिंपळाचें रोप उगवलेला असा एखादा वाडा दिसतोच. त्याच्याकडे पाहून दोनच उद्गार निघतात. एक हळहळीचा, "केवढें वैभव होतें!" आणि दुसरा व्यवहाराचा, "आतां पाडून टाकावा." या दोन उद्गारांच्या मध्यें तिसरा कांहीं मार्ग आहे कीं नाहीं, हाच खरा प्रश्न आहे.

त्याचें उत्तर पुण्यांतील एका वाड्याच्या हकीकतींत सांपडतें. तो वाडा सोनगीरपासून दूर खरा. परंतु त्याच्या इतिहासाचे दोन धागे खानदेशापर्यंत येऊन पोंचतात. त्याच्या बांधणाऱ्यानें आपलें राज्य सोडलें तें खानदेशच्या सीमेलगत, असीरगडाच्या परिसरांत. आणि तो वाडा पेटला तेव्हां त्या आगीची झळ एका थोर पुरुषास लागली ती धुळ्यांत. त्या वाड्याचें नांव विश्रामबाग.

विश्रामबाग वाडा दुसऱ्या बाजीराव पेशव्यानें बांधविला. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं वसईचा तह करून आणि इंग्रजांच्या फौजेचा आधार घेऊन तो १८०३ च्या मे महिन्यांत पुण्यास परतला. पेशव्यांचें मुख्य निवासस्थान शनिवारवाडा. पण त्या वाड्यांत १७७३ सालीं नारायणरावाचा खून झालेला, आणि १७९५ सालीं सवाई माधवरावाचा शोचनीय अंतही तेथेंच झालेला. शिवाय नारायणरावाच्या खुनाचा ठपका ज्याच्यावर आला, त्या रघुनाथरावाचाच हा पुत्र. अशा वास्तूंत बाजीरावाचें चित्त रमलें नाहीं, यांत नवल नाहीं. त्यानें शुक्रवार, बुधवार अशा निरनिराळ्या वाड्यांतून वास्तव्य केलें आणि अखेर १८०७ च्या सुमारास सुमारें दोन लाख रुपये खर्चून विश्रामबाग उभा केला.

नांवांतच विश्राम आणि बाग हे दोन्ही शब्द आहेत. शनिवारवाड्याचे बुरूज आणि खिळे ठोकलेला दिल्ली दरवाजा पाहतांच लढाईची आठवण होते. विश्रामबागेच्या दर्शनी भागाकडे पाहतां तिचा लवलेशही मनांत येत नाहीं. दगडी जोत्यावर सागवानी खांबांची रांग, सुरूच्या झाडासारखे खालीं भरदार व वर निमुळते होत गेलेले ते खांब, त्यांच्या माथ्यावर केळफुलांची नक्षी, खांबांमधून महिरपी, आणि रस्त्याच्या अंगास पुढें आलेला कोरीव सज्जा. आंत चौकामागें चौक आणि त्यांभोंवतीं दिवाणखाने. मराठी सुताराच्या हाताला सागवान किती मऊ लागत असे, तें पाहावयाचें तर हा दर्शनी भाग पाहावा. राज्याचा कणा मोडल्यानंतर ही कारागिरी इतक्या बहरास यावी, ही इतिहासांतील एक विचित्र गोष्ट आहे. तलवारीला काम उरलें नव्हतें. पटाशीला भरपूर होतें.

या वाड्याचा उपभोग बाजीरावानें फार तर दहा-अकरा वर्षें घेतला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली, १७ नोव्हेंबरला पुणें इंग्रजांच्या हातीं गेलें, आणि पेशव्यांची पळापळ सुरू झाली. दक्षिणेस आणि पूर्वेस भटकत भटकत शेवटीं तो उत्तरेकडे वळला. खानदेशच्या उत्तर सीमेलगत, सातपुड्याच्या रांगांत असीरगड आहे. त्याच्या परिसरांत ३ जून १८१८ रोजीं बाजीराव सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. सालीना आठ लाखांची नेमणूक घेऊन तो गंगाकांठीं ब्रह्मावर्तास गेला आणि तेथेंच १८५१ सालीं वारला. विश्रामबाग त्यानें पुन्हां पाहिला नाहीं.

येथपर्यंतची हकीकत बहुतेकांच्या परिचयाची आहे. राजवाडा म्हणून विश्रामबागेचें आयुष्य येथें संपलें, आणि बहुतेक राजवाड्यांची गोष्टही येथेंच संपते. विश्रामबागेची खरी गोष्ट येथून पुढें सुरू होते.

पेशवाईंत श्रावणमासीं विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वांटण्याची रीत होती. राज्य बदलल्यावर या पैशाचें काय करावयाचें, असा प्रश्न नव्या सत्तेपुढें आला. एलफिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर होऊन गेला होता. त्याच्या मागून दक्षिणेचा कमिशनर झालेल्या चॅपलिनच्या कारकीर्दींत या दक्षिणेचा कांहीं भाग विद्येकडे लावण्याचें ठरलें, आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं विश्रामबाग वाड्यांत संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पेशव्यांच्या दिवाणखान्यांत न्याय, व्याकरण, ज्योतिष, वैद्यक आणि धर्मशास्त्र यांचे पाठ होऊं लागले. कृष्णशास्त्री चिपळूणकर याच पाठशाळेचे विद्यार्थी. पुढें मेजर कँडीकडे या पाठशाळेची देखरेख आली. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामांत हा कँडी भागीदार होता, आणि मराठी वाक्यांत विरामचिन्हें रुळविण्याच्या उद्योगांतही त्याचा मोठा हात होता. मराठी छापील पानावर आज जो स्वल्पविराम दिसतो, त्याच्याशीं विश्रामबागेचें असें नातें आहे.

१८५१ सालीं संस्कृत पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झालें. १८६४ सालीं त्याचें नांव डेक्कन कॉलेज पडलें, आणि १८६८ सालीं तें येरवड्याच्या नव्या इमारतींत गेलें. कॉलेज गेलें तरी विश्रामबाग रिकामा पडला नाहीं; तेथें हायस्कूल भरत राहिलें. छपरावरून पाणी गळूं लागलें तर तक्रार करणारें कोणीतरी तेथें होतें. वास्तु टिकण्याच्या दृष्टीनें ही गोष्ट क्षुल्लक नाहीं. जेथें गळतीची तक्रार करणारें माणूस नसतें, तेथें पहिल्या पावसाळ्यांत कौल सरकतें, दुसऱ्या पावसाळ्यांत वाशाचें टोंक कुजतें, आणि पांचव्या-सातव्या पावसाळ्यांत तुळई भिंतींतून सुटते. वाडा एका दिवसांत पडतो असें लोक म्हणतात; खरें पाहतां तो अनेक वर्षें पडत असतो आणि एका दिवशीं तें लोकांच्या लक्षांत येतें.

विश्रामबागेच्या भावंडांची गति पाहिली म्हणजे हें अधिक पटतें. शुक्रवार वाडा इंग्रजी अमलाच्या आरंभींच जळाला. शनिवारवाड्यास २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं आग लागली आणि ती सात दिवस धुमसत होती म्हणतात. तट, दरवाजे आणि जोतीं तेवढीं उरलीं. सागवान, चुना आणि विटा यांनीं उभारलेल्या या वाड्यांचा सर्वांत मोठा वैरी अग्नि. तो विश्रामबागेच्या दारींही आलाच.

१८७९ सालचा मे महिना. दक्षिणेंत दुष्काळाच्या झळा अजून निवाल्या नव्हत्या. त्या वर्षाच्या फेब्रुवारीपासून वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडानें सरकारची झोंप उडविली होती. अशा वेळीं पुण्यांत एकाच सुमारास बुधवार वाडा आणि विश्रामबाग असे पेशव्यांचे दोन वाडे पेटले. बुधवार वाड्यांत सरकारी कचेऱ्या आणि पुस्तकभांडार होतें. तो साराच खाक झाला. विश्रामबागेचा पूर्वेकडील भाग जळाला. पेशव्यांचे वाडे, सरकारी कचेऱ्या आणि बाहेर बंड, या तिन्ही गोष्टी एकत्र जोडून सरकारनें अर्थ काढला कीं यामागें राजकीय कट आहे.

न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे त्या वेळीं नाशिक येथें न्यायखात्यांत होते आणि उन्हाळ्याच्या सुटीसाठीं पुण्यास आलेले होते. सार्वजनिक सभेच्या कामामुळें सरकारचा त्यांच्यावर आधींच डोळा होता. आग लागल्यानंतर लगोलग त्यांस हुकूम आला कीं सुटी पुरी होण्याची वाट न पाहतां धुळ्यास रुजू व्हावें. धुळें त्या काळीं पुण्यापासून फार दूरचें ठिकाण. पुण्याच्या चळवळींपासून रानड्यांस लांब ठेवावें, हाच त्यांतला हेतु. धुळ्यांत आल्यावर त्यांच्या नांवचीं पत्रें वाटेंत फोडून वाचलीं जात. बंडवाल्यांच्या नांवानें संशयास्पद मजकुराचीं पत्रेंही त्यांस येऊं लागलीं. रानडे तीं पत्रें जशींच्या तशीं पोलिसांकडे पाठवून देत. त्यांच्या पत्नी रमाबाई यांनीं आपल्या आठवणींत हे धुळ्याचे दिवस सांगितले आहेत. कांहीं काळानें सरकारचा संशय फिटला. आगीच्या तपासांत कटाचा कांहीं पत्ता लागला नाहीं. पुस्तकभांडारांतील एका नोकराचें तें कृत्य असल्याचें निष्पन्न झालें. परंतु एका वाड्याच्या आगीमुळें महाराष्ट्रांतील एका थोर विचारवंतास खानदेशांत येऊन संशयाखालीं दिवस काढावे लागले, ही गोष्ट धुळ्याच्या इतिहासांत नोंदली गेली ती गेलीच.

आगीनंतर विश्रामबागेचें काय करावयाचें, हा प्रश्न उभा राहिला. बाजीरावाविषयीं लोकांच्या मनांत प्रेम असण्याचें कारण नव्हतें. राज्य घालविणारा पेशवा म्हणून त्याचें नांव निघे. त्यानें परतंत्र अवस्थेंत, चैनीसाठीं बांधलेला वाडा जळाला, तर जळाला, असें म्हणून लोक गप्प बसते तरी त्यांस कोणी दोष दिला नसता. पण तसें झालें नाहीं. लोकांनीं वर्गणी काढली आणि जळालेला भाग पुन्हां उभा केला. हा वाडा बाजीरावाचा उरला नव्हता हेंच यांतून दिसतें. अर्ध्या शतकाहून अधिक काळ तेथें मुलें शिकलीं होतीं, शास्त्री शिकवीत होते. लोकांच्या मनांत विश्रामबाग ही विद्येची जागा झाली होती. बाजीरावानें दोन लाख खर्चून वाडा बांधला आणि दहा-अकरा वर्षें भोगला. ज्यांचीं नांवें कोणत्याही पाटीवर नाहींत अशा वर्गणीदारांनीं तो वांचविला. मग त्याचा धनी कोण म्हणावा?

त्याच सुमारास इंग्लंडांत या विषयावर मोठा वाद माजला होता. जुन्या इमारतींचा जीर्णोद्धार करतांना त्या नव्यासारख्या करून टाकण्याची तेथें लाट आली होती. रस्किननें १८४९ सालच्या आपल्या ग्रंथांत तिचा कडक निषेध केला होता. १८७७ सालीं विल्यम मॉरिसनें जुन्या इमारतींच्या रक्षणासाठीं एक संस्थाच काढली. इमारतीची नित्य निगा राखा, म्हणजे जीर्णोद्धाराची पाळीच येणार नाहीं, असें या पंथाचें सांगणें. उलट पक्षीं, फ्रान्समध्यें व्हिओले-ल-द्यूकसारखे वास्तुज्ञ पडझड झालेली इमारत कल्पनेनें पुरी करून देत. पुण्याच्या वर्गणीदारांनीं या वादाचें नांवही ऐकलें असण्याचा संभव कमी. त्यांनीं आपल्याकडील साधी रीत पाळली: देऊळ असो, घाट असो, विहीर असो, पडलें तेवढें बांधावें आणि वापर चालू ठेवावा.

पुढें विसाव्या शतकांत वाड्याचा संसार आणखी बदलला. १९३० नंतर पुणें नगरपालिकेच्या कचेऱ्या येथें आल्या आणि १९५० नंतरच्या दशकाअखेरपर्यंत शहराचा कारभार येथून चालला. टपालकचेरी आली. ज्या रस्त्यावर हा वाडा उभा आहे त्यास थोरल्या बाजीरावाचें नांव मिळालें. दुसऱ्या बाजीरावाचा वाडा पणज्या-खापरपणज्यांच्या नव्हे, तर थेट आपल्या पराक्रमी आजोबांच्या रस्त्यावर आला. कचेऱ्यांनीं वाडा जगविला, पण झिजविलाही. कचेरीला जागा लागते, म्हणून चौकांत आडोसे उठतात. उजेड लागतो, म्हणून तारा ठोकल्या जातात. स्वच्छता दिसावी म्हणून लाकडावर तेलरंगाचे हात मारले जातात. एक हात, दुसरा हात, दहावा हात, असें होतां होतां केळफुलाची पाकळी न् पाकळी रंगाखालीं बुजून जाते. कुलूप लावलेला वाडा उपेक्षेनें मरतो. कचेरीचा वाडा सोयीनें मरूं लागतो. पहिलें मरण अपरिहार्य असतें. दुसऱ्यावर उपाय आहे.

हा भेद लक्षांत घेण्याजोगा आहे, कारण त्याच काळांत पुण्यांतील खासगी वाड्यांवर पहिल्या प्रकारचें संकट कोसळत होतें. महायुद्धाच्या काळांत जागेची टंचाई झाली. भाडेकरूंच्या रक्षणासाठीं १९४७ सालीं मुंबई इलाख्यांत भाडेनियंत्रणाचा कायदा झाला, आणि १ सप्टेंबर १९४० रोजींचें भाडें हें प्रमाण धरलें गेलें. गरीब भाडेकरूंस या कायद्यानें आधार दिला, हें खरेंच. पण वाड्याचें भाडें जेथल्या तेथें राहिलें आणि चुना, सागवान, मजुरी यांचे भाव चढत गेले. मालकास दुरुस्ती परवडेना; भाडेकरूस दुसऱ्याच्या घरावर खर्च करण्याचें कारण दिसेना. त्यांत वाटण्या होऊन एका वाड्याचे दहा हिस्सेदार झाले. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें. कच्च्या विटांच्या आणि मातीच्या भिंती पाण्यांत विरघळून कित्येक वाडे बसले. उरलेल्यांच्या जागीं पुढच्या दशकांत सिमेंटच्या चाळवजा इमारती आल्या. कोणी एकानें ठरवून हें केलें नाहीं. धनी पुष्कळ होते, पण धनीपण कोणाकडेच नव्हतें.

विश्रामबाग या सर्वांतून उरला. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं पुणें महानगरपालिकेनें त्याच्या जतनाचें काम हातीं घेतलें, आणि तें टप्प्याटप्प्यानें चाललें. शहराच्या इतिहासाचें ‘पुनवडी ते पुण्यनगरी’ हें प्रदर्शन वाड्यांत मांडण्यांत आलें, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या माणसास आंत पाऊल टाकण्यास निमित्त मिळालें.

अशा वाड्याची दुरुस्ती म्हणजे काय असतें, हें समजून घेण्यासारखें आहे. कारण पाडण्यापेक्षां तें अवघड आणि नवें बांधण्यापेक्षां तें निराळें काम आहे. वाड्याचा सांगाडा लाकडाचा असतो. भार खांब आणि तुळया वाहतात. भिंती मधली जागा भरतात. म्हणून पहिलें काम भिंतीकडे पाहण्याचें नव्हे, तर लाकूड ठोकून पाहण्याचें. सागवान वरून धडधाकट दिसतें, पण तुळईचें भिंतींत गेलेलें टोंक आणि खांबाचा जोत्यावर टेकलेला पाय येथें ओल धरते आणि तेथूनच वाळवी शिरते. कुजलेला भाग तेवढा कापावयाचा, जुन्या सागवानाचा तुकडा त्याच मापानें घडवावयाचा, आणि खांचेंत खांच बसवून सांधावयाचा. सारा खांब बदलणें सोपें. पाऊण खांब वांचविणें कारागिराचें काम.

दुसरें काम चुन्याचें. जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करणें ही जुन्या घरांच्या दुरुस्तींत सर्रास घडणारी चूक आहे. चुना श्वास घेतो. भिंतींत शिरलेली ओल तो बाहेर जाऊं देतो. सिमेंट ती ओल आंतच कोंडतें. बाहेरून भिंत कठीण आणि गुळगुळीत दिसते. आंत वीट भुसभुशीत होते आणि लाकडाचें टोंक सडतें. म्हणून जुन्या घराला जुनाच चुना लागतो. तो कळीचा चुना खड्ड्यांत भिजवून मुरवावा लागतो, वाळूबरोबर घाणींत मळावा लागतो. त्यांत गूळ, बेलफळ, हिरडा यांचें पाणी आणि कधीं तागाचे तंतु मिसळतात. हें सारें सावकाश चालणारें काम आहे, आणि तें जाणणारे हात दिवसेंदिवस विरळ होत आहेत. एक वाडा नीट दुरुस्त झाला म्हणजे चार गवंडी आणि चार सुतार पुन्हां तयार होतात, हा त्याचा लाभ हिशेबाच्या वहींत कोठेंच दिसत नाहीं.

तिसरें काम रंगाचें. तेलरंगाचे थर उतरवितांना घाई झाली तर रंगाबरोबर नक्षीची धारही जाते. जें कोरलें तें दोनशें वर्षें टिकलें. तें एका दुपारीं घांसून सपाट करतां येतें.

आणि चौथें काम विवेकाचें. विश्रामबाग दुरुस्त करावयाचा म्हणजे कोणता विश्रामबाग? बाजीरावाचा १८०७ चा, शास्त्र्यांच्या पाठशाळेचा, कीं आगीनंतर वर्गणींतून उभा राहिलेला? केवळ पेशवाई तेवढी खरी मानून बाकीचें काढून टाकावें, असें कोणास वाटेल. पण मग ज्या लोकांनीं वाडा वांचविला त्यांचीच खूण पुसली जाईल, आणि उरेल तें राज्य घालविणाऱ्या पेशव्याच्या चैनीचें स्मारक. वास्तूच्या अंगावर जितके काळ उमटले आहेत तितके सगळे तिचेच आहेत. कुजलेलें काढावें, अपाय करणारें काढावें. परंतु निराळ्या काळाचें म्हणून कांहीं काढूं नये. हंड्याचें दुसरें बूडही हंड्याचेंच असतें.

विश्रामबागेच्या या हकीकतीपासून सोनगीरसारख्या गांवानें काय घ्यावें? तेथें महानगरपालिका नाहीं, पेशव्यांचें नांव नाहीं, मोठा निधि नाहीं. आहेत तीं साधीं घरें: दगडमातीच्या भिंतींचीं, लाकडी खांबांचीं, वर धाब्याचीं. अशा घरांस वांचविण्यासाठीं कोणी वर्गणी काढील, अशी आशा करणें व्यर्थ आहे. परंतु या घरांपाशीं एक शहाणपण पूर्वीपासून आहे. खानदेशांतील धाब्याच्या घराचा मालक पावसाळ्यापूर्वीं धाब्यावर खारी माती पसरतो, पन्हळी मोकळ्या करतो, भिंतीच्या तळाशीं सरकलेली माती पुन्हां लिंपतो. मॉरिसनें लंडनांत संस्था काढून जें सांगितलें, तें या रिवाजांत न बोलतां सामावलेलें आहे. ज्या वर्षीं तो खंडतो त्या वर्षीं घर म्हातारें होऊं लागतें.

घर जातें तेव्हां केवळ लाकूड आणि माती जात नाहीं. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं आयुष्यभर गांवोगांवच्या जुन्या घरांतून कागद धुंडाळले. दप्तरें सांपडत तीं माळ्यावर, बळदांत, देवघराच्या फळीवर. आणि ज्या घराचें छप्पर गळत असे, त्या घरचे कागद वाळवीनें व पाण्यानें आधींच खाल्लेले असत. राजवाडे १९२६ च्या अखेरच्या दिवशीं धुळ्यांत वारले. त्यांचा संग्रह जपण्यासाठीं तेथेंच १९२७ सालीं राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झालें. मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें हातीं लागलीं, त्याचें कांहीं श्रेय त्या अज्ञात गृहिणींस आणि गृहस्थांस आहे, ज्यांनीं पावसाळ्याआधीं आपलीं छपरें शेकारून घेतलीं.

विश्रामबागेचा धनी कोण, या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येतें. खतावर ज्याचें नांव तो एक धनी. तो बदलत राहतो. बाजीराव गेला, कंपनी सरकार गेलें, राणीचें सरकार गेलें. दुसरा धनी तो, जो पावसाळ्यापूर्वीं छपराकडे पाहतो. पाठशाळेचे शास्त्री, वर्गणी देणारे नागरिक, कुजलेल्या तुळईला नवें टोंक जोडणारा सुतार, हे सारे या दुसऱ्या प्रकारचे धनी. त्यांचें धनीपण कोणत्याही राज्यक्रांतींत गेलें नाहीं, कारण तें कोणी त्यांस दिलेलेंच नव्हतें. त्यांनीं तें कामानें मिळविलें होतें.

सोनगीरच्या तांबटआळींत हातोडीचे ठोके पडतात तेव्हां जुनें भांडें पुन्हां संसाराला लागतें. त्याच गल्लींतील जुन्या घरांस हातोडीची गरज आहे ती पाडण्यासाठीं नव्हे. त्यांस हवी आहे ती वेळेवर केलेली कल्हई.